आधीच मानलेले आभार

९ जानेवारी

ताई,

माझा सलाम तुम्ही घेणार नाही हे ठाऊक आहे, तरी दाराशी ठेवून देतो. पायाने बाजूला सारलात तरी चालेल, पत्र मात्र वाचा.

तुमची धाकटी शेजारी बसून ओळीओळीला वाचते आहे. नऊ वर्षांनी ताईला पत्र जातंय तर अक्षर नीट काढा, म्हणते. मी गादीवाला माणूस. सोफ्याच्या शिवणीत एक टाका वाकडा गेला तरी मला चैन पडत नाही, पण अक्षराचं माझ्या हातून कधी भलं झालं नाही. गोड मानून घ्या.

तर बातमी अशी. धाकटीला मोठं दुखणं झालं होतं. छातीत गाठ होती, मग फुप्फुसात पाणी झालं, ते दोनदा काढलं. आणि आता प्रभूने तिला बरं केलं आहे. हे वाक्य तिने सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय. गेल्या रविवारी तिने मंडळीसमोर उभं राहून आभार मानले आणि सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं. मागच्या बाकावरचे ते ठार बहिरे मास्तरसुद्धा म्हणाले, फक्त थोडे उशिरा.

झोप चांगली लागते. म्हणजे बसून लागते. आडवं झालं की तिचा जीव गुदमरतो, म्हणून मी कडक फोमचा एक उतार कापून दिला, वर मऊ थर आणि सुती खोळ. आधी वीतभर उंच होता. मग त्याखाली आणखी एक थर घातला, मग आणखी एक. आता ती जवळजवळ खुर्चीतच झोपते म्हणा ना. हे कशाला लिहिलंत, असं आत्ता विचारतेय. मी म्हटलं, माझ्या कामाचं कौतुक मीही नाही करायचं तर कोणी करायचं?

तुम्ही यावं असं तिचं म्हणणं नाही. फक्त कळवा म्हणाली, म्हणून कळवलं.

लग्नाला वीस वर्षं झाली तरी ज्याला तुम्ही ‘पाहुणे’च म्हणत राहिलात, तो,
तुमचा पाहुणा


२७ जानेवारी

ताई,

तुमचं पत्र आलं आणि पार्सलही आलं. दोन्ही एकाच दिवशी. पोस्टमनने दोनदा सही घेतली आणि दोनदा विचारलं, घरात काही शुभकार्य आहे का. मी हो म्हणून टाकलं.

पत्र तिने स्वतः उघडलं. तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. ‘देवाचे आभार. धाकटी वाचली, आता मला आणखी काही नको.’ पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवून ती इतका वेळ बसली की चहा निवला. मग म्हणाली, बघा, ताईने लिहिलंय. भाऊजींना पुरलं त्या दिवसापासून ज्या तोंडातून हे शब्द निघाले नाहीत, त्या हाताने लिहिलेत. तोंड की हात, एक काय ते ठरव, असं मी म्हटलं तर रागावली. मग हसली. मग खोकली.

रविवारी ते पत्र तिने मंडळीत नेलं. जाताना मी तिला हाताला धरून नेलं, येताना रिक्षा केली. पाळकांनी पत्र वाचून दाखवलं. दोघीतिघी रडल्या.

बूट फार छान आहेत. आता बरी झाली आहेस तर सकाळ-संध्याकाळ चालत जा, असं पार्सलमधल्या चिठ्ठीत लिहिलंत, ते ती पाळते आहे. बूट तिला अगदी बरोबर बसले. तिच्या पायाचं माप तुम्हाला इतक्या वर्षांनी आठवलं याचंच तिला अप्रूप.

(वरच्या ओळीतली खाडाखोड माझी. काहीतरी भलतंच लिहिलं गेलं होतं. धाकटीने पाहिलं.)

आमचं बरं चाललंय. प्रभूची कृपा.

तुमचा पाहुणा


११ फेब्रुवारी
दुकानातून

ताई,

आज शेजारी कोणी नाही. समोर एका दाताच्या डॉक्टरची खुर्ची उघडी पडली आहे, रेक्झिन सोलून काढलंय आणि पोटातल्या स्प्रिंगा वर आल्यात. त्यांच्याकडे बघत लिहितोय.

धाकटी बरी झालेली नाही.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण नाही जात.

तिला कॅन्सर आहे. फुप्फुसात पसरलाय. मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की आता औषध लागू पडत नाही, पाणी काढलं तरी ते परत भरणार. महिने म्हणाल्या नाहीत, आठवडे म्हणाल्या. धाकटीने शांतपणे ऐकलं, बाहीचं बटण लावलं, बाईंना थँक्यू म्हटलं. आणि बाहेर जिन्यात मला म्हणाली, येत्या रविवारी आपण आभार मानायचे.

तुम्हाला वाटेल पाहुण्याला वेड लागलं, बरी झाली म्हणून कसं लिहिलंन. ताई, तुम्ही गेल्यावर इथली रीत बदलली. तुमच्या वेळी जे घडेल त्याबद्दल उभं राहून आभार मानायचे, चांगलं असो की वाईट. ती रीत तुम्हाला किती महागात पडली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊजींच्या खड्ड्यावरची माती ओली होती आणि धाकटीनेच तुम्हाला कोपराने ढोसून म्हटलं होतं, ऊठ ताई, आभार मान. तुम्ही उठलात, सगळ्यांकडे एकदा पाहिलंत आणि तशाच फाटकाबाहेर गेलात. त्या कोपराच्या ढोसण्याची आठवण काढून ती अजून रडते.

नव्या पाळकांनी आणलेली रीत वेगळी. आता मागायचं नाही. मागणं म्हणजे शंका. जे हवं ते मिळालंच आहे असं धरायचं आणि त्याचे आधीच आभार मानायचे. आजारी माणसाने ‘मला बरं कर’ म्हणायचं नाही, ‘तू मला बरं केलंस’ म्हणायचं. घरात, बाजारात, पत्रात, सगळीकडे तेच. उलट बोललं की दिलेलं परत जातं म्हणे. म्हणून धाकटीने सांगितलं तसं मी लिहिलं. तुम्ही बाहेरच्या, तुम्ही ते जसं लिहिलंय तसंच वाचणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. आम्ही सगळे इतके दिवस आपसात असंच बोलतोय की ही बोली बाहेर चालत नाही याचा विसर पडला.

पाळकांना शिव्या घालू नका. मी घालून बघितल्या, समाधान होत नाही. माणूस वाईट नाही. धाकटीचे पाय सुजले तेव्हा टबात कोमट पाणी भरून देणारा तोच. परवा दुकानात आला आणि या सोललेल्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. मी सरळ विचारलं, तुम्हाला खरंच वाटतं का ती बरी झालीय म्हणून? बराच वेळ स्टेपलचा डबा हातात घेऊन खुळखुळवत बसला. मग म्हणाला, “मला वाटतं की नाही हे मी स्वतःला विचारतच नाही. मी थांबलो तर सगळे थांबतील.” चहा पाजला आणि पाठवलं.

आता खरी गोष्ट. तुमचं उत्तर आलं त्याच दिवशी मी धाकटीला म्हटलं, ताईंना खरं कळवू या, त्यांचा गैरसमज झालाय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातला घास उचलला. म्हणाली, तिने आभार मानलेत. नऊ वर्षांनी. तिला खरं सांगितलंत की ती ते परत घेईल, आणि या वेळी कायमचं. मी जाणारच असेन तर निदान तिचा देव तिला परत मिळवून देऊन जाते. मी म्हटलं, आणि तुला बघायचं नाही का तिला? तर म्हणाली, हे बोलायचं नाही.

मला तुमच्या विश्वासाशी काही घेणं नाही, ताई, खरं सांगतो. तो राहो नाहीतर जावो. तुम्ही दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. तिला मूलबाळ नाही, आईबाप नाहीत, आणि मी काय, मी नवरा. नवऱ्याला सगळं सांगता येत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलंय.

तुमचे बूट तिच्या पायात जात नाहीत. पाय फुगून उशीसारखे झालेत. तिने ते पलंगाशेजारी ठेवलेत आणि कोणी आलं की दाखवते.

पत्र मिळताच निघा. मला तिला सोडून तुमच्याकडे येता येत नाही. इथून पत्र तुमच्यापर्यंत पोचायला आठवडा जातो, म्हणून आज संध्याकाळीच टाकतो. तिला यातलं काही माहीत नाही. आल्यावर म्हणा, सहज आले.

तुमचा पाहुणा


२० फेब्रुवारी

ताई,

धाकटीच्या सांगण्यावरून चार ओळी. ती ठीक आहे. दिवसेंदिवस ताकद येते आहे. प्रभूने केलेल्या उपकारांबद्दल येत्या रविवारी आमच्या घरीच आभाराची सभा ठेवली आहे. तुम्हीही तिथे त्या दिवशी आभार माना, म्हणजे दोघींचं एकाच वेळी होईल, असं ती म्हणते.

हवा कोरडी आहे. तुमची तब्येत सांभाळा.

तुमचा पाहुणा


१ मार्च

ताई,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. अकरा फेब्रुवारीचं आधी वाचा, मग हे. ते मी त्या संध्याकाळी टाकलं नाही. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि हातातच घेऊन परत आलो. दुकानाच्या खणात चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, डब्याखाली ठेवलं. रोज सकाळी खण उघडायचो, चुका काढायचो आणि खण लावायचो.

का नाही टाकलं? माझ्याकडे हजार कारणं होती. तिचा शब्द मोडावासा वाटेना. तुमचे दोन शब्द तिने उशाशी ठेवलेत, त्यांना धक्का लावायचा धीर होईना. आणि एक कारण असंही की मी स्वतः त्या आभारांच्या नादाला लागलो होतो. मी, ताई. कोणी विचारलं की बरी आहे म्हणायचो, आणि म्हणता म्हणता दोन घटका ते खरंही वाटायचं. खोटं नाही बोलत, बरं वाटायचं.

रविवारची सभा झाली. दिवाणखान्यात मावतील तेवढ्या खुर्च्या मी दुकानातून आणल्या, दोन तर अजून अर्धवट शिवलेल्या. धाकटीने सकाळपासून तयारी केली, म्हणजे बसल्या जागेवरून मला पळवलं. केस विंचरायला मला सांगितलं, आणि मी गाठ सोडवताना रागावली. सगळे जमले, गाणी झाली. मग पाळकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं की ते तिला उठू नको असंच सांगत होते, पण ती उठली. कोणाचा हात धरला नाही. “प्रभूने मला बरं” इथपर्यंत बोलली आणि श्वास संपला. तोंड उघडं, शब्द नाही. सगळे वाट बघत राहिले. मग कोणीतरी तिच्या वतीने आमेन म्हटलं आणि सगळ्यांनी ओढलं ते. ती खाली बसली. बसली म्हणजे मी धरली.

दुपारी सगळे गेल्यावर मी तिच्या पाठीमागे फोमचा आणखी एक थर सरकवत होतो. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला आश्चर्य वाटलं, हिच्यात एवढी ताकद उरलीय कुठे. म्हणाली, “अहो, मला फार भीती वाटते.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी काहीतरी बोलायचं म्हणून प्रभू आहे ना असं म्हणायला गेलो, तर तिने मान हलवली. म्हणाली, ताई हवी. लिहा तिला, सगळं खरं लिहा, आजच लिहा.

ताई, माझा आनंद काय सांगू तुम्हाला. मला वाटलं माझं ओझं उतरलं. मी म्हटलं, अगं, लिहिलंय मी, सगळं खरं लिहिलंय. तिच्या तोंडावर जे आलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. विचारलंन, कधी टाकलंत?

मी सांगितलं.

ती मनातल्या मनात हिशोब करत होती हे मला दिसत होतं, पत्र जायला इतके, निघायला इतके, प्रवासाला इतके. मग म्हणाली, “म्हणजे एव्हाना ती इथे पोचली असती.”

मी म्हटलं, तूच म्हणाली होतीस ना. तिचे आभार काढून घेऊ नका म्हणून तूच सांगितलंस. तुझ्यासाठीच नाही टाकलं.

“मी म्हणेनच,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला ऐकलंत?”

आणि भिंतीकडे तोंड केलंन. संध्याकाळी दूध नेलं ते घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, पण माझ्या हाताने नाही, कप स्वतः धरला आणि अर्धा सांडला. सांडलेलं दूध मी पुसत होतो आणि ती माझ्या डोक्यावरून खिडकीकडे बघत होती. लग्न झाल्यापासून आम्ही पुष्कळ भांडलोय, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे भांडण नव्हे. भांडण असतं तर मी जिंकलो नाहीतर हरलो असतो आणि मग जेवलो असतो.

त्यानंतर तुमच्या वसतिगृहाचा फोन नंबर मी शोधून काढला, हेही आधी सुचायला हवं होतं. नुसती घंटी वाजत राहते. शेवटी तिथल्या पोस्टात फोन केला तर कळलं, मुली सुट्टीत घरी गेल्यात, ऑफिसला कुलूप आहे, स्वयंपाकीणबाई, म्हणजे तुम्हीच, मागच्या खोलीत असतात आणि त्यांना पत्रं वेळेवर पोचतात. निरोप देता का म्हटलं तर तो माणूस म्हणाला, आमच्याकडे निरोप घेत नाहीत, तार करा. तारही केली. ‘धाकटी गंभीर. निघा.’ पण तुमच्याकडे माझी पत्रं आहेत, ताकद येतेय म्हणणारी. तुम्ही कशावर विश्वास ठेवाल? तारेतल्या तीन शब्दांवर की पत्रांतल्या पानांवर? म्हणून सगळं पाठवतोय.

काल डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. जाताना जिन्यात मी विचारलं, आठवडा तरी? त्या म्हणाल्या, दिवस धरा. भल्या बाई आहेत, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. म्हणजे हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा. मला ते वाक्य पुरं करता येत नाही, तुम्हीच करा.

पाळक रोज येतात. आता सभा नाही, गाणी नाहीत. परवा धाकटीने त्यांना सरळ सांगितलं, मला आभार नको, मला मागायचंय. ते पलंगापाशी गुडघ्यावर बसले. काय मागू, असं विचारलंन त्यांनी. म्हणाली, माझी बहीण. त्यांनी मागितलं. मीही मागितलं, खुर्चीच्या पाठीला धरून. पहिल्यांदाच मनापासून मागितलं आणि पहिल्यांदाच आत कुणी ऐकतंय असं वाटलं नाही. तरी मागत राहिलो, कारण दुसरं काय हातात आहे.

हे पत्र तिने वाचलंय, अगदी पहिल्या दिवसासारखं ओळीओळीला. एकही शब्द खोडायला लावला नाही. मग पेन मागितलंन. पुठ्ठा खाली धरून मी हाताला आधार दिला, पण अक्षरं तिची आहेत. मध्ये तीनदा थांबली. खाली जे आहे ते तिचं. मी पाकीट बंद करून लगेच जातोय, आणि या वेळी पेटीत टाकल्याशिवाय परत येणार नाही.

तुमचा पाहुणा


ताई
मी बरी झालेली नाही. मला भीती वाटते. मंडळीत मी नुसतं तोंडाने म्हणत होते. आपल्या दोघींत खरे आभार एकटीने तूच मानलेस, आणि तेही माझ्या खोट्यावर. माझ्यावर राग धर पण ते परत घेऊ नकोस.
ये.